कळा दवाखान्यात, सव्वा महिना घरात

जळगावातल्या मेहरूणच्या जुन्या वस्तीत सत्तरी ओलांडलेल्या बायकांशी बोलायला बसलं, तर बहुतेकींची सगळी मुलं घरातच झालेली निघतात. मागची खोली, दाराला आडवं बांधलेलं जुनं लुगडं, चुलीवर उकळणारं पाणी आणि रात्री-बेरात्री बोलावून आणलेली सुईण. त्याच घरात आज सुनेच्या उशाशी सोनोग्राफीची फाईल असते. सातव्या महिन्यात ओटी भरली, बायका जेवून उठल्या, की कुणीतरी विषय काढतंच: ‘आमच्या वेळी कुठं होते दवाखाने? आम्ही नाही का झालो बाळंत?’

झाल्या, हे खरं. पण ज्या त्या खोलीतून उठल्याच नाहीत, त्या आज ओसरीवर बसून बोलायला नाहीत. घरच्या बाळंतपणाची साक्ष नेहमी वाचलेल्यांकडूनच मिळते, हे ध्यानात ठेवून ती ऐकायची.

घरी की दवाखान्यात, हा प्रश्न आता तीन तऱ्हेच्या घरांत पडतो. एक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरीच बाळंतपणं झालेली इथली जुनी कुटुंबं. दुसरी, यावल, रावेर, चोपड्याच्या डोंगरपट्ट्यातून एमआयडीसीत डाळमिलला, चटईच्या कारखान्यात कामाला आलेली. आणि तिसरी, शिकलेली जोडपी. त्यांना सुईणीचं प्रेम नाही, सीझरची धास्ती आहे. मोबाईलवर ‘नैसर्गिक प्रसूती’चे व्हिडिओ पाहून त्यांना वाटतं, आपणही घरी करून पाहू. २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुपूरला असाच व्हिडिओ पाहून घरी प्रसूतीचा प्रयत्न झाला आणि बाई रक्तस्रावाने गेली.

तिन्ही घरांना माझं सांगणं एकच. मेहरूणमध्ये राहत असाल तर मूल दवाखान्यात होऊ द्या आणि पुढचा सव्वा महिना घरी, घरच्या पद्धतीने काढा. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. घराकडून जे हवं असतं त्यातलं बरंचसं दवाखान्यातही मागून घेता येतं. दवाखान्यातलं रक्त मात्र घरी आणता येत नाही.

रक्ताचं का म्हणतो, ते नीट समजून घ्या. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं. मूल बाहेर आलं, वार सुटली, की पिशवी मुठीसारखी घट्ट आकसते आणि उघड्या रक्तवाहिन्या त्या आकसण्यानेच आवळल्या जातात. पिशवी सैल राहिली, वारेचा तुकडा आत राहिला किंवा कुठे फाटलं, की धार लागते. धडधाकट बाई अशा वेळी दोन तासांत हातची जाऊ शकते, आणि अंगात आधीच रक्त कमी असेल तर त्याहूनही लवकर. यातल्या कितीतरी बायकांना बाळंतपणाआधी कसलाच धोका सांगितलेला नसतो. नऊ महिने सगळे रिपोर्ट चांगले असतात. ‘आमचं सगळं नॉर्मल आहे, मग घरी का नको?’ याचं उत्तर यातच आहे. महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याच्या आसपास बायकांना पंडुरोग असतो, तेव्हा आपल्या सुनेच्या अंगात रक्ताची शिल्लक किती आहे, तेवढं तरी तपासून घ्या.

यावर दवाखान्यात जे होतं ते फार मोठं नाही. मूल बाहेर पडल्यावर मिनिटभरात मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिट देतात, वार नीट तपासतात, धार थांबली नाही तर पहिल्या तीन तासांत ट्रॅनेक्सामिक अॅसिड आणि लागलंच तर रक्त. गरज फक्त इतकीच की हे सारं हाताशी असावं आणि मिनिटांत मिळावं. इच्छादेवी चौकातून महामार्ग ओलांडला की मेहरूणहून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय रिक्षाने काही मिनिटांवर आहे. भुसावळ रस्त्याला डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, शहरात रेडक्रॉसची रक्तपेढी आहे. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या बाईला पावसाळ्यात नाला उतरण्याची वाट पाहावी लागते, तिचा निर्णय वेगळा आणि अवघड असतो. तिच्या नाइलाजाला आपण परंपरा म्हणू नये. आणि ज्यांच्या दाराशी हे सगळं आहे त्यांनी ती परंपरा म्हणून पाळूही नये.

इथे कुणी म्हणेल, परदेशात बायका घरी बाळंत होतातच की. होतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायो भागात आमिश नावाचा ख्रिस्ती शेतकरी समाज आहे; घोडागाडीने फिरणारा, घरात बाहेरची वीज न घेणारा. त्यांच्यातल्या पुष्कळ बायका घरी किंवा छोट्या प्रसूतिगृहात बाळंत होतात. वैद्यकीय विमा ते सहसा घेत नाहीत, खर्च स्वतःच्या आणि मंडळीच्या पैशातून करतात, त्यामुळे दवाखान्याचं बिल हाही त्यांचा खरा प्रश्न आहे. पण या समाजाकडून घ्यायचं ते पुढचं आहे. तिथे घरी येणारी मिडवाईफ याच कामातली जाणकार असते, आणि अडचण आली की हेच लोक दुसऱ्याची मोटार भाड्याने बोलावून दवाखाना गाठतात. आपापसातच लग्नं होत असल्याने त्यांच्यात काही दुर्मीळ आनुवंशिक आजार जास्त आहेत. त्यासाठी १९८९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खास त्यांच्या मुलांसाठी दवाखाना निघाला आणि बाळाच्या जन्मानंतर लगेच रक्त तपासण्याची सवय त्यांनी लावून घेतली. धर्माच्या नावाने विजेची तार नाकारणाऱ्यांनी रक्ततपासणी नाकारली नाही.

इंग्लंडचा अनुभव आणखी नेमका आहे. तिथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात फक्त कमी जोखमीच्या बायका घेतल्या होत्या आणि घरी प्रशिक्षित मिडवाईफ होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांच्या बाळांना घरी जास्त धोका दिसला नाही. पहिलटकरणींच्या बाळांना मात्र दिसला: दवाखान्यात हजारी ५.३ बाळांना गंभीर इजा किंवा मृत्यू, तर घरी ९.३. शिवाय घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना मध्येच दवाखान्यात हलवावं लागलं. हलवायला तिथे गाडी होती आणि पलीकडे वाट पाहणारा दवाखाना होता.

आपल्याकडे घर आणि दवाखाना यांच्यामधली ही कडीच, घरी येणारी प्रशिक्षित मिडवाईफ, नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाईफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्सना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण सुरू केलं. पण त्या नर्स दवाखान्यात काम करण्यासाठी आहेत, घरोघरी जाण्यासाठी नाहीत. घरी येते ती वस्तीतली दाई. तिच्या हाताला अनुभव असतो, धीर द्यायची कला असते, हे मी नाकारत नाही. मी पाहिलेली एक म्हातारी दाई बाईच्या पोटावर पालथा हात ठेवून मुलाचं डोकं कुठं आहे ते सांगायची आणि वार आली की ताटात पसरून, कडा जुळवून, तुकडा राहिला का ते बघायची. नर्सिंगच्या पुस्तकात हेच शिकवतात. पण तुकडा राहिलेला दिसला तर पुढे काय करायचं, यावर तिच्याकडे ‘देवीचं नाव घ्यायचं’ एवढंच होतं. तिने स्वतःच्या नातीला दवाखान्यातच नेलं.

एका गोष्टीची तर भीतीच बाळगा. कळा लवकर याव्यात म्हणून घरी बोलावलेल्या कंपाउंडरकडून ‘कळांचं इंजेक्शन’ घेऊ नका. ऑक्सिटोसिन मूल झाल्यानंतर जीव वाचवतं. मूल होण्याआधी मात्र ते सलाईनमधून थेंब मोजून, ठोके तपासत द्यायचं असतं. आंधळेपणाने दंडात टोचलं तर पिशवी फाटते, मूल गुदमरतं.

काही बायकांबाबत तर घरचा विचार मनातही आणू नये. आधीचं सीझर, जुळं, मूल पायाळू किंवा आडवं, रक्तदाब १४०/९० किंवा वर, हिमोग्लोबिन कमी, ३७ आठवडे भरण्याआधी सुरू झालेल्या कळा, मागच्या वेळी जास्त अंगावरून गेलेलं, वार खाली असल्याचं सोनोग्राफीत दिसलेलं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्याला सूज ही ‘पित्ताची’ लक्षणं समजून घरी झोपवू नका. त्यातून झटके येतात.

खान्देशात एक तपासणी वेगळी सांगायला हवी, ती सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत हा आजार आहे, आणि जळगावात येऊन दोन पिढ्या झाल्या म्हणून रक्त बदलत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आईलाच आजार असेल तर तिचं गरोदरपण पहिल्या दिवसापासून जोखमीचं. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा, लाजू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

आता सीझरची धास्ती. ती खोटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्या आणि एकूण प्रसूतींपैकी २५.४ टक्के सीझरने. चारात एक हे प्रमाण जास्तच आहे. पण सीझर टाळण्यासाठी घरी राहणं हा उपाय नव्हे. दवाखाना निवडण्याआधी तोंड उघडून विचारणं हा उपाय आहे. आठव्या महिन्यात नवरा-बायको दोघांनी जा आणि विचारा: रात्री दोन वाजता प्रसूतीला कोण असतं? भूलतज्ज्ञ किती वेळात येतो? रक्त लागलं तर कुठून आणता? बाळ रडलं नाही तर बालरोगतज्ज्ञ इथं असतो का, की बाळ दुसरीकडे पाठवता? पहिलटकरणीला सरसकट खालून टाके घेता का? कळा सुरू असताना चालू-फिरू देता का? ज्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येतो, त्याचा दवाखाना सोडून द्या. सरकारी रुग्णालयात गर्दी आहे, खाट शेजारणीसोबत वाटून घ्यावी लागेल, आयाबाई कधी तोडून बोलेल, हे मान्य करून सांगतो: भूलतज्ज्ञ, रक्त आणि बाळाची काचपेटी एका छताखाली असणं ही गोष्ट छोट्या चकचकीत प्रसूतिगृहापेक्षा मोठी आहे.

घरासारखं काय काय मागता येतं? पुष्कळ. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या घरची एक बाई असू द्यावी, असं केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांसाठी २०१६ मध्येच सांगितलं आहे. सासू की आई, यावर दारात वाद घालत बसू नका, तिलाच विचारा तिला कोण हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे सरसकट टाके, एनिमा, केस काढणं यांची गरज नाही. कळांमध्ये बाईने हिंडावं, बसावं, कुशीवर व्हावं, तिला सोसेल तसं. नाळ मिनिटभर थांबून कापावी, बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावं, पहिल्या तासात अंगावर पाजावं. यातलं काही आपल्या सुइणीही करायच्या. घाई दवाखान्याने आणली. ती नको म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे.

पैशाचं थोडक्यात. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात साधी प्रसूती आणि सीझर दोन्ही मोफत आहेत. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडीही. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर विचारा, आणि तरीही आणावं लागलं तर तक्रार करा. दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना जननी सुरक्षा योजनेत शहरात ६०० आणि ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये, पण नोंदणी गरोदरपणातच आशाताईकडे करून ठेवा.

नववा लागला की पिशवी भरून दाराशी ठेवा. त्यात फाईल, आधार, बँक पासबुक, धुतलेले सुती कपडे, पॅड, बाळाला टोपी आणि दोन मऊ दुपटी. रिक्षावाला शेजारचाच ठरवा आणि त्याचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर पोरांनाही पाठ असावेत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्त देणारे दोघं आधीच बोलून ठेवा. माहेरी जायचं असेल आणि माहेर आडवळणी खेड्यात असेल, तर मुलीला सासरीच राहू द्या आणि आईला इकडे बोलवा. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं हा हट्ट आईच्या मायेचा आहे. माया एसटीने मेहरूणलाही येऊ शकते.

इतकं करूनही मूल घरातच झालं तर घाबरून चुकीचं काही करू नका. १०८ ला फोन लावा. बाळ कोरड्या कपड्याने चांगलं चोळून पुसा, आईच्या छातीवर पालथं ठेवा, दोघांवर पांघरूण घाला. गाडी येत असेल तर नाळ कापायची घाई नको, आणि वार बाहेर यावी म्हणून नाळ ओढायची तर अजिबात नको. अर्ध्या तासात वार आली नाही, किंवा आली पण धार थांबत नाही, तर वाट पाहत बसू नका, मिळेल त्या गाडीने निघा. वार आली असेल तर ती सोबत न्या, डॉक्टरांना तपासायला लागते. वार आल्यावर बेंबीखाली पोट हाताने गोल चोळत राहा, पिशवी घट्ट लागली पाहिजे. बाळाला छातीला लावा, त्यानेही पिशवी आकसते.

आणि आता घराची पाळी. दवाखान्यातून तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई घरी येते आणि तिथून पुढे डॉक्टरांपेक्षा घरच जास्त कामाचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केलं, त्यांनी घरोघरी जाऊन बाळं सांभाळली, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. आज आशाताई घरी येते ती याच कामाच्या पाठबळावर. दवाखान्यात झालेल्या बाळाकडे तिने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं, घरी झालेल्याकडे पहिल्या दिवशीही. ती आली की नुसता चहा पाजून पाठवू नका. बाळाचं वजन करायला लावा.

डिंकाचे लाडू, अळीव, बाजरीची भाकरी, पालेभाजी खुशाल द्या. पाणी कमी द्यायची पद्धत तेवढी बंद करा. मालिश चालेल, हलक्या हाताने; टाके असतील तिथे नको. बाळाला मध, गुटी, साखरेचं पाणी काही नको, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. नाळेवर हळद, राख, तेल लावू नका, कोरडी राहू द्या. काजळ नको. पहिली आंघोळ निदान एक दिवस पुढे ढकला.

शेगडीवर मला दोन शब्द जास्त बोलायचे आहेत. बाळंतिणीची खोली बंद, फटीफटीत बोळे, खाटेखाली कोळशाची शेगडी आणि वर ओव्याची धुरी, असं दृश्य इथे अजून दिसतं. बंद खोलीतल्या कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. आई आणि बाळ झोपेतच बेशुद्ध पडू शकतात. त्यात मे महिना असेल, जळगावचा पारा ४४-४५ वर असेल, आणि बाळाला टोपी, मोजे, दोन दुपटी गुंडाळली असतील, तर ते तापतं, सुकतं, दूध ओढेनासं होतं. लोक म्हणतात, दृष्ट लागली. दृष्ट नाही, उष्णता. उन्हाळ्यात एक सुती झबलं पुरे, खिडकी उघडी, पंखा हळू, आणि दूध दर दोन तासांनी. डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत मात्र टोपी हवीच, आणि शेकण्यापेक्षा आईच्या पोटाशी धरणं बरं.

पुढची लक्षणं दिसली तर पाचवीची पूजा अर्धी सोडूनही दवाखान्यात जा: तासाभरात पॅड भिजणं, घाण वास, ताप, पोटरी सुजून दुखणं, झटके. बाळाच्या बाबतीत दूध न ओढणं, मलूल पडणं, जोरजोरात श्वास, अंग थंड किंवा गरम लागणं, तळहात-तळपाय पिवळे पडणं.

एक कागदपत्राचं काम राहिलं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. दवाखान्यात मूल झालं तर ती दवाखाना करतो, तुम्ही फक्त आई-वडिलांच्या नावाची अक्षरं आधारप्रमाणे बरोबर आहेत का ते सही करण्याआधी वाचून घ्या. घरी झालं असेल तर घरातल्या कर्त्या माणसाने महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जाऊन ती करायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. बारशाला उशीर असेल तरी नोंद अडवून ठेवू नका. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.